संगणकाचे मित्रराष्ट्र : व्यूहरचनेच्या खेळांतील युद्ध, तह आणि विश्वास

व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांविषयी जे लेखन होते, त्यातील बराचसा भाग संगणक शत्रू म्हणून कसा लढतो या प्रश्नाने व्यापलेला असतो. तोच संगणक मित्र म्हणून कसा वागतो, खेळाडूच्या हाकेला केव्हा धावून येतो, केव्हा टाळाटाळ करतो आणि केव्हा स्वतःच करार मोडून चाल करून येतो, या प्रश्नाला त्या मानाने फार थोडी जागा मिळते. वास्तविक दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. शत्रूला केवळ जिंकायचे असते, आणि त्याची प्रत्येक चाल त्या एकाच कसोटीवर तपासता येते. मित्राच्या बाबतीत मात्र जिंकणे आणि दिलेला शब्द पाळणे ही दोन उद्दिष्टे एकाच आज्ञावलीत बसवावी लागतात, आणि ती एकमेकांच्या आड येत राहतात. ज्या खेळात अखेर एकच राष्ट्र विजयी ठरणार आहे, त्यात प्रत्येक मैत्री मुदतीची असते, हे संगणकाला आकडेमोडीने कळू शकते. परंतु कळल्याबरोबर तो तसा वागू लागला, तर मैत्री करण्याला काही अर्थच उरत नाही. खेळकर्त्यांनी या पेचातून कोणते मार्ग काढले आणि ते मार्ग कोठवर पुरे पडले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विषयाची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. ज्या खेळांत गट आधीच ठरतात आणि शेवटपर्यंत कायम राहतात, तेथे मित्राने युद्ध करावे की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या, चाली आळीपाळीने न होता सर्वांचे डावपेच एकाच वेळी चालू असणाऱ्या खेळांतील बरेचसे सामने या प्रकारचे असतात, आणि तेथील संगणकी सोबत्याविषयीची तक्रार त्याच्या निष्ठेविषयी नसून कौशल्याविषयी असते. येथे विचार करायचा आहे तो अशा खेळांचा, ज्यांत युद्ध, युद्धविराम, तह आणि युती या अवस्था खेळ चालू असतानाच बदलतात आणि त्या बदलण्याचा अधिकार संगणकाकडेही असतो. नकाशाचा शोध, राज्याचा विस्तार, साधनसंपत्तीचा उपयोग आणि शत्रूचा संहार या चार अंगांच्या खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव ॲलन एमरिच यांनी १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाविषयी लिहिताना दिले. हा प्रकार, आणि त्याच्या शेजारचा ऐतिहासिक राज्यकारभाराच्या खेळांचा प्रकार, हे या विवेचनाचे मुख्य क्षेत्र आहे.

आरंभीच्या खेळांत संगणकाच्या राजनीतीचा मूलाधार स्वभाव हा होता. सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये प्रत्येक राष्ट्राच्या नेत्याला आक्रमकतेची एक ठरावीक पातळी दिलेली होती. ‘मास्टर ऑफ ओरायन’ने ही कल्पना वाढवून प्रत्येक राजाला एक स्वभाव आणि एक ध्येय अशी जोडी दिली : कोणी परकीयांचा द्वेष करणारा, कोणी निर्दय, कोणी आक्रमक, कोणी लहरी, कोणी वचनाचा पक्का, कोणी शांतताप्रिय, आणि त्याच्या जोडीला विस्तार, उद्योग, विज्ञान, सैन्य अशांपैकी एखादे लक्ष्य. पुढे ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या ‘अल्फा सेंटॉरी’ने १९९९ मध्ये स्वभावाच्या जागी विचारप्रणाली आणली. तेथे सात गट परक्या ग्रहावर उतरतात आणि प्रत्येक गटप्रमुख इतरांची समाजव्यवस्था पाहून त्यांना मित्र किंवा शत्रू मानतो. निसर्गवादी डिअर्ड्रेला मुक्त बाजारपेठ खपत नाही, धर्मनिष्ठ मिरियमला ज्ञानाला सर्वोच्च मूल्य मानणारी व्यवस्था सहन होत नाही. ही सुधारणा बारीक दिसत असली तरी महत्त्वाची होती, कारण स्वभाव खेळाडूला बदलता येत नाही, परंतु स्वतःची राज्यव्यवस्था बदलता येते. मित्र मिळवणे ही त्यामुळे नशिबाची बाब न राहता किंमत मोजून साधण्याची बाब झाली.

स्वभावाचा आकडा किती खोल रुजतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे महात्मा गांधींविषयीची दंतकथा. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये गांधींची आक्रमकता एक होती, लोकशाही स्वीकारल्यावर तीतून दोन वजा झाले, उणे संख्या साठवण्याची सोय नसल्यामुळे तो आकडा उलटून २५५ झाला आणि अहिंसेचा पुरस्कर्ता अण्वस्त्रे डागू लागला, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. सिड मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात असा कोणताही दोष मूळ खेळात नव्हता असे स्पष्ट केले आहे. त्या खेळात आक्रमकतेच्या पातळ्याच मोजक्या होत्या आणि गांधींची पातळी इतर अनेक नेत्यांसारखीच होती. विज्ञानावर भर असल्यामुळे भारताच्या हाती अण्वस्त्रे लवकर येत, आणि ती बाळगणारा कोणताही नेता ज्या भाषेत धमकी देई, त्याच भाषेत गांधीही देत. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये मात्र जॉन शेफर यांनी दहापर्यंतच्या मोजपट्टीवर गांधींची अण्वस्त्रे वापरण्याची प्रवृत्ती जाणूनबुजून बारा ठेवली. या कथेचे खरे मोल तिच्या खरेखोटेपणापेक्षा ती लोकांना इतकी पटली यात आहे : संगणकाच्या निर्णयामागचे कारण दिसत नसले, की माणूस ते कारण स्वतः रचतो, आणि रचलेले कारण मूळ कारणापेक्षा टिकाऊ ठरते. मित्रराष्ट्राच्या आज्ञावलीची पहिली जबाबदारी म्हणूनच कारण दाखवण्याची आहे.

हे कारण आतून पाहायचे असेल तर ‘फ्रीसिव्ह’ या खेळाइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा खेळ मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची संपूर्ण आज्ञावली कोणालाही वाचता आणि बदलता येते. आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ती वर्षानुवर्षे वाढवलेली असल्यामुळे संगणक राजा म्हणून कसा विचार करतो याविषयीचे अनेकांचे मत तिच्यात थरांप्रमाणे साठलेले दिसते. त्यातील प्रत्येक संगणकी राष्ट्र इतर प्रत्येक राष्ट्राविषयी एक आकडा बाळगते, ज्याला आज्ञावलीत चक्क प्रेम असे नाव आहे. भेट म्हणून एखादे तंत्रज्ञान दिले की हा आकडा वाढतो, आगळीक केली की घटतो, अण्वस्त्र वापरले तर ज्यांच्यावर ते पडले नाही त्यांच्याही मनातून वापरणारा उतरतो. आणि काहीच घडले नाही तर तो दर फेरीला थोडा थोडा शून्याकडे सरकत राहतो. फेरी म्हणजे सर्व राष्ट्रांच्या चालींचे एक आवर्तन. कृतज्ञता आणि राग दोन्ही विरतात, हा मानवी व्यवहारातील अनुभव येथे एका साध्या वजाबाकीने उतरवला आहे, आणि मैत्री टिकवायची तर ती पुन्हा पुन्हा जागवावी लागते हे त्यातून आपोआप निष्पन्न होते.

युद्धाचा निर्णय मात्र या प्रेमावर सोडलेला नाही. संगणकी राष्ट्र संभाव्य शत्रूंकडे पाहताना एका बाजूला हव्यास आणि दुसऱ्या बाजूला भीती यांचा हिशेब मांडते : त्या देशाची शहरे, इमारती आणि जमीन किती मोलाची आहे, तो किती दूर आहे, त्याचे आणि त्याच्या मित्रांचे सैन्य किती आहे, त्याच्याशी आधी झालेला कोणता करार मोडावा लागेल. प्रेम या हिशेबात हव्यास कमी करणाऱ्या वजनाच्या रूपाने शिरते. हिशेब पुरेसा अनुकूल निघाला तरी युद्ध त्याच क्षणी सुरू होत नाही. राष्ट्र मनाशी एक उलटी गणती सुरू करते आणि त्याबरोबर युद्धाचे कारण नोंदवते. ही कारणे मोजकीच आहेत : समोरच्याचे अंतराळयान, समोरच्याचे गैरवर्तन, साठलेला द्वेष, मित्राने घातलेली साद, निव्वळ युद्धाची खुमखुमी, आणि अखेरीस काहीच कारण नसणे. शेवटच्या दोन कारणांना स्वतंत्र नोंद देण्यात या स्वयंसेवकांचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण इतिहासातील कितीतरी स्वाऱ्यांचे सरकारी कारण खरवडले तर खाली हेच सापडते.

या उलट्या गणतीचा खरा उपयोग मित्रांसाठी आहे. गणती चालू असताना संगणकी राष्ट्र आपल्या युतीतील राष्ट्रांना पुढील मोहिमेची वर्दी देते आणि साहाय्य मागते. मित्र संगणकी असेल तर तो स्वतःच्या हिशेबात ही साद घेतो, आणि मित्र माणूस असेल तर त्याला तयारीला काही फेऱ्या मिळतात. मदत मागूनही मित्र स्वस्थ राहिला तर काय करावे, यासाठी आज्ञावलीत सहनशीलतेचा आणखी एक आकडा आहे. पहिल्या वेळी सौजन्यपूर्ण विनंती होते, पुढच्या वेळी करारातील कर्तव्याची आठवण कडक शब्दांत दिली जाते, आणि तरीही मित्राने शत्रूशी शांतता राखली तर त्याला विश्वासघातकी ठरवून युती मोडली जाते. मित्र युद्धात उतरला की हा आकडा पूर्ववत होतो. तीन पायऱ्यांची ही रचना इतकी लहान आहे की नवशिक्या आज्ञावलीकारालाही ती एका बैठकीत समजेल. तरीही तिच्यामुळे संगणकी मित्राचा रोष अचानक वाटत नाही. खेळाडूला दोनदा इशारा मिळालेला असतो, आणि तिसऱ्या वेळी जे घडते ते त्याच्याच निष्क्रियतेचे फळ म्हणून त्याला मान्य करावे लागते.

एकदा युती झाली की ‘फ्रीसिव्ह’चे संगणकी राष्ट्र जवळजवळ भाबडे होते. शेजारी आणि तहबद्ध राष्ट्रांशी संशयाने वागणारे हेच राष्ट्र मित्राला आपली तंत्रज्ञाने आणि नकाशे मागताक्षणी देऊन टाकते. खेळाबरोबर दिल्या जाणाऱ्या तांत्रिक टिपणात ही गोष्ट मोकळेपणाने नोंदवलेली आहे, आणि तिच्या जोडीला एक अपवाद सांगितला आहे : मित्रावर हल्ला करायला हे राष्ट्र प्रवृत्त होते ते केवळ त्या मित्राने अंतराळयान बांधायला घेतले तरच. या खेळात अंतराळयान दूरच्या ताऱ्याकडे पोहोचवणारे राष्ट्र विजयी ठरते आणि राजधानी पडली की यान निष्फळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अपवादाचे मर्म कळते. विजयाचा प्रश्न लांब आहे तोवर पूर्ण विश्वास, तो दाराशी आला की युद्ध, आणि त्यापूर्वी यान थांबवण्याचा स्पष्ट इशारा, अशी ही व्यवस्था आहे. जिंकणे आणि शब्द पाळणे यांतील विरोध तिने मिटवलेला नाही. तो खेळाच्या एका ठरावीक, सर्वांना माहीत असलेल्या क्षणावर नेऊन ठेवला आहे. दोन उद्दिष्टांना सतत एकमेकांशी झगडू देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सरस आहे, कारण खेळाडूला आपला मित्र कोठपर्यंत मित्र आहे याची सीमा नेमकी दिसते.

व्यावसायिक खेळांत हीच पारदर्शकता सर्वांत यशस्वीपणे साधली ती २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ने. सोरेन जॉन्सन हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. तेथे प्रत्येक नेत्याचे खेळाडूविषयीचे मत अधिक-उणे आकड्यांच्या यादीत पडद्यावर दिसते : धर्म एक असल्याबद्दल इतके अधिक, सीमा भिडल्याबद्दल इतके उणे, एकत्र लढल्याबद्दल अधिक, मित्रावर चाल केल्याबद्दल उणे. बेरीज तीन झाली की नेता प्रसन्न, दहा झाली की जिवलग. उणे तीनवर नाराज, उणे दहावर संतप्त, आणि मधल्या पट्ट्यात सावध. या पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर कोणता नेता युद्धाचा बेत मनातही आणणार नाही हे नेत्यागणिक वेगळे ठरवलेले आहे. काही प्रसन्न असले तरी पुरते, काहींच्या बाबतीत जिवलग होण्यावाचून सुरक्षितता नाही. बेताचेही प्रकार आहेत : सर्वंकष युद्ध, मर्यादित युद्ध, आणि आधीच कोणाशी झुंजत असलेल्यावर संधी साधून तुटून पडण्याचे युद्ध, प्रत्येक प्रकाराची शक्यता नेत्याच्या स्वभावाप्रमाणे निरनिराळी.

याच खेळात एक अनपेक्षित फट होती. संगणकी राजाला तिसऱ्या कोणावर युद्ध पुकारण्याची विनंती केली असता, तो आधीच दुसऱ्या युद्धाच्या तयारीत असेल तर आपले हात सध्या भरलेले आहेत अशा अर्थाचे उत्तर देतो. तो प्रत्यक्षात कोणाशीच लढत नसताना हे उत्तर आले, की तो कोणावर तरी चाल करणार आहे हे निश्चित होते, आणि मुरलेले खेळाडू दर काही फेऱ्यांनी सर्व शेजाऱ्यांना ही विनंती करून गुप्त बेत हुडकून काढत. रचनाकारांनी हे उत्तर गुप्तहेराची सोय म्हणून दिले नव्हते. ते केवळ नकाराचे खरे कारण होते. खरे कारण सांगणारी व्यवस्था आपली गुपितेही सांगून बसते, असा याचा अर्थ होतो. तरीही हा तोटा पत्करण्यासारखाच होता, हे ‘सिव्हिलायझेशन ५’च्या पहिल्या आवृत्तीने दाखवून दिले. तिच्यात नेत्यांची मते बरीचशी झाकलेली होती, मित्रत्वाचा मुखवटा धारण करून हल्ल्याची तयारी करण्याची एक वेगळी भूमिकाच संगणकाला दिलेली होती, आणि परिणामी नेते धूर्त वाटण्याऐवजी भ्रमिष्ट वाटू लागले. पुढच्या सुधारणांत त्यांच्या मतांमागची कारणे दाखवण्याची सोय करावी लागली.

येथे भारतीय वाचकाला कौटिल्याच्या अर्थशास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ही आठवण केवळ अभिमानाची नाही. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांना १९०५ मध्ये हस्तलिखित मिळून १९०९ मध्ये प्रकाशात आलेल्या, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांच्या चिकित्सक संपादनातून प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथातील राजमंडलाची मांडणी आज्ञावलीच्या इतकी जवळ आहे की ती जवळजवळ जशीच्या तशी संगणकाला सांगता येईल. जिंकू इच्छिणारा राजा म्हणजे विजिगीषु मध्यभागी. त्याला लागून असलेला तो अरी. अरीच्या पलीकडचा तो मित्र. त्याच्या पलीकडे अरिमित्र, मग मित्रमित्र. पाठीमागे पार्ष्णिग्राह हा शत्रू आणि आक्रंद हा मित्र. शिवाय दोघांनाही भारी पडू शकणारा मध्यम आणि सर्वांहून बलाढ्य पण अलिप्त असा उदासीन. मित्रत्व येथे भावनेतून उपजत नाही, ते भूगोलातून उपजते. ‘सिव्हिलायझेशन ६’च्या २०१८ च्या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य नेता म्हणून आले, तेव्हा त्यांच्या संगणकी रूपाला शेजाऱ्यांविषयी अप्रीती आणि दूरच्या राष्ट्रांविषयी प्रीती हाच स्वभाव दिला गेला. हे मंडलाचे फार तोकडे रूप आहे, कारण त्यात शेजाऱ्याचा शेजारी ही महत्त्वाची पायरीच नाही. दूर असणे आणि शत्रूच्या पाठीशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंडलापेक्षाही षाड्गुण्याचा, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा उपायांचा, या विषयाला अधिक उपयोग आहे. संधी म्हणजे तह आणि विग्रह म्हणजे युद्ध ही दोन टोके प्रत्येक खेळात असतात. यान म्हणजे युद्धाच्या तयारीने निघणे, हे ‘सिव्हिलायझेशन ४’च्या जुळवाजुळवीच्या अवस्थेत आणि ‘फ्रीसिव्ह’च्या उलट्या गणतीत सापडते, संश्रय म्हणजे बलवानाचा आश्रय घेणे, हे मांडलिकत्वाच्या रूपाने ‘सिव्हिलायझेशन ४’च्या २००६ च्या विस्तारात आले. आसन, म्हणजे हालचाल न करता योग्य काळाची वाट पाहणे, आणि द्वैधीभाव, म्हणजे एकाशी तह करून त्या बळावर दुसऱ्याशी युद्ध करणे, हे दोन उपाय मात्र खेळांना नीट साधलेले नाहीत. संगणक स्वस्थ बसतो तेव्हा त्याच्या हिशेबातून काही निघाले नाही म्हणून बसतो, बसणे फायद्याचे आहे असे ठरवून क्वचितच; आणि एका सीमेवर निश्चिंत व्हावे म्हणून तेथे तह शोधावा ही पुढची पायरी बहुतेक आज्ञावलींत नसते, कारण त्यांतील प्रत्येक राष्ट्राचा विचार सुटासुटा केलेला असतो. युद्धाचा आणि तहाचा निर्णय एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, ही कौटिल्याची दृष्टी आजच्या रचनाकारांनीही गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स संस्थेने २०१३ मध्ये काढलेला ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या दृष्टीच्या सर्वांत जवळ पोहोचतो. १४४४ पासून १८२१ पर्यंतचे जग, त्यात दक्षिणेत बहमनी आणि विजयनगर, आणि मराठी संस्कृतीच्या राज्याला पुढे मराठा राज्याचे रूप घेण्याची सोय, यांमुळे महाराष्ट्रातील खेळाडूला त्याची वेगळी ओढ वाटते. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य युद्धाला बोलावलेला मित्र येईल की नाही हे आधीच कारणांसह दाखवण्यात आहे. मित्र कर्जात आहे, युद्धांनी थकला आहे, रणभूमी त्याच्यापासून दूर आहे, शत्रूशीही त्याची युती आहे, अशी प्रत्येक अडचण एका आकड्याने मोजली जाते आणि त्यासमोर परस्परविश्वास, समान वैरी, जिंकलेल्या मुलखातील वाट्याचे वचन असे अनुकूल आकडे उभे राहतात. २०१५ च्या एका विस्ताराने यात उपकारांची खातेवही आणली. बचावाच्या युद्धात मित्राने यावे ही कराराचीच अट राहिली. मात्र आक्रमणाच्या युद्धात त्याला ओढायचे तर आधी त्याच्यावर केलेल्या उपकारांपैकी दहा खर्ची घालावे लागतात. आक्रमण आणि बचाव यांत असा भेद करणे ही लहान गोष्ट नाही. इतर अनेक खेळांत युती म्हणजे दोन्हींना लागू होणारी सरसकट बांधिलकी असते, आणि त्यामुळे एका लोभी राष्ट्रापायी त्याचे सर्व मित्र निष्कारण युद्धात ओढले जातात.

शांततेचा हिशेब या खेळाने तितक्याच बारकाईने मांडला आहे, आणि तो अधिक अवघड आहे. युद्ध पुकारण्याच्या क्षणी भविष्याचा अंदाज तेवढा करायचा असतो. तह करताना मागे काय झाले आणि पुढे काय होईल या दोन्हींचे वजन घ्यावे लागते. लढायांतील यश आणि ताब्यात घेतलेला मुलूख यांतून उणे शंभर ते अधिक शंभर असे युद्धाचे गुण ठरतात, आणि मागितलेला प्रत्येक प्रांत त्या गुणांतून वजा होतो. संगणक केवळ गुण पाहत नाही. युद्ध किती काळ चालले, आपली बाजू किती थकली आणि आपले सैन्य समोरच्याच्या तुलनेत किती उरले हेही पाहतो. याच रचनेतून मित्राचा सर्वांत बोचणारा निर्णय निघतो, तो म्हणजे स्वतंत्र तहाचा. प्रमुख राष्ट्र लढत असताना ज्या मित्राचा मुलूख शत्रूच्या टाचेखाली गेला आहे तो स्वतःपुरता तह करून बाहेर पडू शकतो. खेळाडूला हा दगा वाटतो. परंतु पुष्कळदा त्या मित्राला वाऱ्यावर सोडून खेळाडूनेच आपले सैन्य दुसऱ्या आघाडीवर नेलेले असते, आणि मित्राचा हिशेब ही गोष्ट खेळाडूपेक्षा अधिक स्वच्छपणे नोंदवतो. तहानंतर ठरावीक वर्षे युद्ध पुकारायचे नसते. पुकारलेच तर राज्याचे स्थैर्य ढासळते. आणि जो फार वेगाने गिळंकृत करत सुटतो, त्याच्याविरुद्ध परस्परांचे वैरीही एक आघाडी करून उभे राहतात. या आघाडीत कोणी कोणाचा मित्र नसतो, तरी ती अनेक मैत्र्यांपेक्षा घट्ट निघते.

संगणकी मित्राने स्वतः जिंकण्यासाठी खेळावे काय, या प्रश्नाला सोरेन जॉन्सन यांनी २००८ मध्ये खेळरचनाकारांच्या एका परिषदेत थेट हात घातला. जिंकण्याच्या दृष्टीने चांगला संगणक आणि खेळण्याच्या दृष्टीने आनंददायी संगणक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. शुद्ध तर्काने पाहता, माणूस आघाडीवर गेला की सर्व संगणकी राष्ट्रांनी त्याच्याशी व्यापार थांबवावा, करार मोडावेत आणि एकजुटीने त्याच्यावर तुटून पडावे हेच योग्य. पण मग खेळाडूने जपलेली प्रत्येक मैत्री निरर्थक ठरते. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांच्या १९८० च्या सुमाराच्या स्पर्धांनी या पेचाची गणिती बाजू उजळली होती. दोन पक्षांनी पुन्हा पुन्हा सहकार्य किंवा दगा यांतून निवड करण्याच्या खेळात ॲनातोल रापोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही साधी रीत सर्वांत यशस्वी ठरली : प्रथम सहकार्य, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच. ही रीत टिकते ती पुढची फेरी येणार आहे या जाणिवेवर. शेवटची फेरी कोणती हे ठाऊक असेल तर तिच्यात दगा फायद्याचा, मग तिच्या आधीच्या फेरीतही, आणि असे मागे मागे येत सहकार्याचा पायाच ढासळतो. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या खेळांचा शेवट ठरलेला असतो, म्हणून त्यांतील संगणकी मित्राला अखेरचे विस्मरण मुद्दाम शिकवावे लागते. त्याला राज्य करणारा राजा म्हणून वागवावे लागते, स्पर्धेतला भिडू म्हणून नव्हे.

या सर्व व्यवस्थांत संगणक आकड्यांनी बोलतो. शब्दांनी बोलणाऱ्या संगणकाचा प्रश्न ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळाने पुढे आणला. ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये रचलेल्या आणि १९५९ मध्ये बाजारात आलेल्या या खेळात १९०१ च्या युरोपातील सात सत्ता असतात, फासे नसतात, आणि सर्वांच्या लेखी आज्ञा एकाच वेळी उघडल्या जातात. त्यापूर्वी जे काही ठरते ते केवळ बोलण्यातून ठरते आणि त्यातील काहीही बंधनकारक नसते. ३४ केंद्रांपैकी १८ हाती आल्याखेरीज विजय नाही आणि दुसऱ्याच्या पाठिंब्यावाचून पुढे सरकणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे येथे युतीशिवाय गत्यंतर नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सरित क्राउस आणि डॅनियल लेमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीसच या खेळासाठी वाटाघाटी करणारी आज्ञावली बनवली होती. मेटा कंपनीच्या संशोधकांची ‘सिसेरो’ ही आज्ञावली नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातून जाहीर झाली. माणसांबरोबरच्या ४० डावांत तिने एकाहून अधिक डाव खेळलेल्यांपैकी वरच्या दहा टक्क्यांत स्थान मिळवले, आणि तेही साध्या इंग्रजीत सहखेळाडूंशी बोलून.

‘सिसेरो’ची रचना मित्राच्या निर्णयाविषयी फार नेमका धडा देते. तिचा एक भाग स्वतःची आणि इतरांची संभाव्य चाल ठरवतो, आणि दुसरा, भाषेचा भाग, त्या ठरलेल्या चालीशी जुळणारा संदेश लिहितो. म्हणजे आधी बेत, मग बोलणे. आणि बोलताना बेताविरुद्ध बोलायचे नाही, हे संशोधकांचे धोरण होते. तरीही काही समीक्षकांनी तिच्या डावांत वचनभंगाची उदाहरणे दाखवून दिली. त्याचे कारण रचनेतच आहे : संदेश पाठवताना बेत खरा असतो, परंतु पुढचा संदेश आल्यावर किंवा परिस्थिती बदलल्यावर बेत नव्याने आखला जातो, आणि आखणाऱ्या भागाला आधी काय बोलले गेले आहे याचे ओझे वाटत नाही. बोललेले तेव्हा खरे होते. ते पाळणे हे मात्र कोणत्याही भागाचे काम नव्हते. ‘फ्रीसिव्ह’च्या स्वयंसेवकांनी करार मोडण्याची किंमत हव्यासाच्या बेरजेतून वजा करून हे काम ओबडधोबड पद्धतीने का होईना कोणाकडे तरी सोपवले होते, आणि ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ने ते विश्वासाच्या आकड्याकडे सोपवले. भाषा येणाऱ्या मित्राच्या बाबतीत हे अधिक कठीण आहे, कारण तेथे वचन एखाद्या कळीने दिलेले नसते, ते वाक्यात विखुरलेले असते : वसंतात तुझ्या सीमेवरून सैन्य काढून घेईन, असे म्हणताना नेमके कोणते सैन्य, किती काळासाठी आणि कोणत्या अटीवर, हे प्रथम ओळखून मग त्याची किंमत पुढच्या प्रत्येक आखणीत धरावी लागते. त्या किमतीचा आकडा किती असावा, तो काळाबरोबर विरावा की नाही, आणि विजय दाराशी आल्यावर तो शून्य करण्याची मुभा मित्राला द्यावी की नाही, हे प्रश्न आता खेळरचनाकारांइतकेच भाषेच्या आज्ञावली बनवणाऱ्यांपुढेही उभे आहेत, आणि पुढील प्रकरणांतील विवेचन त्यांच्याच अनुरोधाने केले आहे.